वॉरंटीत आहे म्हणे! तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
गेले तीन आठवडे आमचं वॉशिंग मशीन बाल्कनीत शोभेची वस्तू होऊन बसलंय. घेऊन 14 महिने झालेत, वॉरंटी दोन वर्षांची. पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलाय. टेक्निशियन आला, मागचं झाकण उघडलं, फोटो काढले, पार्ट मागवतो म्हणाला आणि निघता निघता, ताई मेसेजवर एक कोड आलाय तेवढा सांगा. मी भोळी, सांगितला. तो हॅपी कोड होता म्हणे! तो दिला की त्यांच्या सिस्टीममध्ये काम झालं, कॉल क्लोज, ग्राहक खूश. इकडे खूश ग्राहक बादलीत चादरी बुचकळतेय. पुन्हा फोन केला तर "मॅडम आपली कम्प्लेंट रिझॉल्व्ह दिसतेय". शेवटी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तर चौथ्या दिवशी कंपनीतून एकदम गोड आवाजात फोन. पार्ट अजून वाटेतच आहे पण निदान कॉल पुन्हा ओपन झाला. तुमच्याकडे काय काय झालंय ते लिहा, कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

खारा वारा
रत्नागिरी. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरली आणि बोर्ड जळाला. त्या पोराने मेलेल्या पालीचे चारही बाजूंनी फोटो काढले, पंचनामाच म्हणा ना, आणि म्हणाला काका, पाल वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं अरे ती बोर्डावर बसली होती ना! पण कार्डावर खरंच छापलेलं होतं, उंदीर, कीटक, पाल यांनी केलेलं नुकसान धरत नाही. अक्षर एवढं बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचलं. गप पैसे भरले. आणि ते मोठ्ठ्या अक्षरातलं '10 वर्षं वॉरंटी' फक्त कॉम्प्रेसरला असते, आमच्याकडे खाऱ्या हवेने आधी कॉइल सडते, कॉम्प्रेसर आपला ठणठणीत. गॅस भरायचे पैसे वेगळे, माणूस येण्याचे वेगळे.

पेन्शनर पुणे 30
बिलाची झेरॉक्स काढून ठेवा. मिक्सर बिघडला, पिशवीतून बिल काढलं तर कोरा कागद. ते गुळगुळीत कागदावरचं छापील उडून जातं वर्षभरात. आता दुकानातच उभ्या उभ्या फोटो काढतो आणि मुलीला पाठवतो. दुकानदार हसतो, हसू दे.

ऑरेंज सिटी
माझं जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. बंगळुरूला नोकरीला असताना 62 हजारांचा लॅपटॉप घेतला, मग घरूनच काम म्हणून नागपूरला परत आलो. 11 महिन्यांत मदरबोर्ड तीनदा बदलला बावा! दर वेळी दहा-पंधरा दिवस लॅपटॉप त्यांच्याकडे, मी भावाच्या जुन्या डबड्यावर ऑफिस करून राहिलो. चौथ्यांदा बंद पडला तेव्हा वॉरंटी संपून 9 दिवस झाले होते, आणि ते म्हणे आता 28 हजार भरा. माझं डोकंच फिरलं. पण एक गोष्ट बरी केली होती, तिन्ही वेळच्या जॉबशीट जपल्या होत्या, त्यावर तारीख, सिरियल नंबर, काय बदललं सगळं होतं.

आधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, स्वतःच लिहिलेली, 15 दिवसांची मुदत देऊन. उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. मला वाटलं खरेदी बंगळुरूची म्हणजे केस तिकडेच, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, जुन्या 1986 च्या कायद्यात ते नव्हतं. वस्तूला मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. वकील पण लागत नाही, मी नाही केला. ऑनलाइन भरली तक्रार, तेव्हा ई-दाखिल नावाचं पोर्टल होतं, आता ई-जागृती आलंय. दोन वर्षांच्या आत करावी लागते हे ध्यानात ठेवा, नाहीतर उशिराचं कारण द्यावं लागतं.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. मला एक वर्ष चार महिने लागले. पहिल्या दोन तारखांना कंपनीकडून कोणीच नाही, तिसऱ्याला एक तरुण वकील आला, त्याला लॅपटॉप की प्रिंटर तेच माहीत नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, वॉरंटी संपली. माझं म्हणणं, बिघाड वॉरंटीतच सुरू झाला, तो तुम्हाला तीनदा जमला नाही, मग वस्तूतच दोष आहे ना. पूर्ण पैसे आणि त्रासाचे 7 हजार मिळाले. लय काही नाही, पण ऑर्डर हातात घेऊन आयोगाबाहेर तर्री पोहे खाल्ले त्याची चव अजून आहे.

चाळकरी
>>आता 28 हजार भरा
आमच्याकडे टीव्हीच्या पॅनेलचे नव्या टीव्हीपेक्षा दोन हजारच कमी सांगितले होते.

म्युनिकवासी
इकडे जर्मनीत गंमत वेगळी. कंपनीची वॉरंटी असो नसो, नव्या वस्तूची दोन वर्षं जबाबदारी विकणाऱ्याची. पहिल्या वर्षात बिघडली तर दोष आधीपासून होता असंच धरतात, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं, 2022 च्या आधी हे सहाच महिने होतं. कॉफी मशीन घेऊन गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी निर्मात्याचा नंबर हातात ठेवला. मी म्हटलं करार तुमच्याशी झालाय. मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, तरी चाललं. आईला हे सांगितलं तर पुण्यात असं चालत नाही म्हणून ती माझ्यावरच चिडली.

स्क्रू ड्रायव्हर
आता सगळे टेक्निशियनला धुताय म्हणून लिहितो, मी सहा वर्षं मोबाईलच्या सर्व्हिस सेंटरला होतो, ठाण्यात. आम्हाला कॉलमागे पैसे, वेळेत क्लोज नाही झाला की कापतात. पार्ट वरून येत नाही त्याला आम्ही काय करणार, शिव्या मात्र काउंटरवर. आणि गिऱ्हाईक पण कमी नसतं. फोनच्या आत एक पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. शपथेवर सांगतात साहेब थेंब नाही लागला, आणि मागून पोरगं बोलतं पप्पा तो बादलीत पडला होता ना. पण एक सांगतो, वॉरंटी नाकारली तर कारण जॉबशीटवर लिहून मागा, स्टिकरचा फोटो मागा. खरं असेल तर आम्ही लिहून देतो, खोटं असेल तर पेन चालत नाही. फोन देताना त्यावर आधीचे ओरखडे पण लिहून घ्या, नंतर तेच तुमच्या अंगाला चिकटवतात.

सातारची सून
कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका कुणी. सासऱ्यांनी शोधला, वरच आलेल्या नंबरला फोन लावला, त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि 10 रुपये भरा म्हणाला. खात्यातून 19 हजार गेले. नंबर खोक्यावर छापलेला असतो, कार्डावर असतो, तोच लावा. आमचं खोकं रद्दीत गेलं होतं.

चाळकरी
खोकं नेमकं तेव्हाच रद्दीत जातं.

दहावा मजला
ऑनलाइन घेतलेला टीव्ही, पॅनेलला तडा. रिटर्नच्या बटणावर नकार. साइटच्या अगदी तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्यांना 48 तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. मेल केला, खोकं उघडतानाचा व्हिडिओ जोडला. 11 दिवसांत बदलून आला. व्हिडिओत मी बनियनवर आहे ते सोडा.

गोदाकाठची
आज पार्ट आला! तोच मुलगा आला. बोर्ड बसवला, दिवे लागले, लगेच म्हणतो ताई कोड. म्हटलं थांब, एक आख्खी धुलाई होऊ दे. 58 मिनिटं बसवलं त्याला, चहा दिला. स्पिन होऊन मशीन थांबलं, मग दिला कोड. जाताना म्हणाला, परवा नाशिकरोडला एका काकूंनी पण असंच बसवलं होतं, पण त्यांनी पोहे दिले होते.