मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनला टो बार, मागे ढोलांचा ट्रेलर, गणित जमेना

नमस्कार मंडळी. मुक्काम स्लाऊ, इंग्लंड. विसर्जनाला आमचं पथक लेस्टरला जाणार आहे आणि चोवीस ढोल पोहोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. घरची ट्रान्सपोर्टर कॅम्पर केलेली आहे (ओटा, गॅस, पलंग, सगळा संसार). तिला टो बार बसवला.

बसवणारा म्हणाला, "दोन टन आरामात ओढेल." ओढेलही, पण त्याच्या डोळ्यांसमोर रिकामी व्हॅन होती. माझ्या व्हॅनच्या प्लेटवर चार आकडे आहेत: भरलेली व्हॅन ३०००, व्हॅन आणि ट्रेलर मिळून ५०००, पुढचा एक्सल १६००, मागचा १५७५ किलो. शनिवारी वजनकाट्यावर नेली. पाण्याची टाकी भरलेली, आम्ही चौघं आत: २८२०. नुसती मागची चाकं काट्यावर: १५१०.

ट्रेलर बिनब्रेकचा, सामानासकट ४८० किलो. अशा ट्रेलरला इथे ७५० किलो किंवा व्हॅनच्या रिकाम्या वजनाच्या निम्मं, यातलं कमी असेल ते चालतं. तिथे प्रश्न नाही. परवान्याचाही नाही.

घोडं अडलंय नोझ वेटवर, म्हणजे ट्रेलरचं नाक व्हॅनवर जेवढा भार टाकतं त्यावर. बॉलच्या (टो बारचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकवतात) उंचीचा लाकडी ठोकळा बाथरूममधल्या काट्यावर ठेवून त्यावर ट्रेलरचा दांडा टेकवला: ५० किलो. बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे, दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर. म्हणजे तरफेमुळे मागच्या एक्सलवर ५० नाही, ७० किलो येतात. १५८०! पाच किलोंनी बाहेर. काय करू?

प्रतिसाद: दादा, लेस्टरला नळ आहेत, पाणी कशाला वाहताय? आणि ५० म्हणजे ४८०च्या दहा टक्के झाले. साधारण ५ ते ७ टक्के धरतात. ढोल पुढे रचलेले दिसताहेत, ते ट्रेलरच्या एक्सलवर आणा. मात्र फार मागे ढकलू नका. नोझ हलकं झालं की मोटरवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. वेग ६० मैलांच्या आत. तीन लेन असतील तिथे उजवीकडची विसरा.

धागाकर्ता: टाकी रिकामी केली. ६० लिटरची आहे आणि नेमकी मागच्या एक्सलच्याही मागे! आठ ढोल सरकवले, नोझ ३२वर आलं. ट्रेलर जोडून पुन्हा काट्यावर गेलो, मागची चाकं १४९०. आता एकच विचारतो: ट्रेलरचा प्लग ७ पिनांचा, व्हॅनचं सॉकेट १३चं. अडॅप्टर चालेल ना?

प्रतिसाद: चालेल. ट्रेलर सोडला की काढून डिकीत टाका, पावसात पिना गंजतात. आणि निघण्याआधी वहिनींना मागे उभं करून इंडिकेटर, ब्रेकलाइट बघून घ्या.