आठवीचा घटक शिकवताना शाळेचं ग्रंथालय नेमकं कसं वापरायचं?

पलूस_शिक्षिका
आमच्या माध्यमिक शाळेत साधारण 2800 पुस्तकं आहेत. सगळी कपाटात, दाखल क्रमांकानं (पुस्तक नोंदवहीत चढवताना मिळणाऱ्या क्रमांकानं) लावलेली. ग्रंथपाल अर्धवेळ आहेत. वाचन तासिकेला मुलं हाताला येईल ते पुस्तक घेतात, चाळतात आणि घंटा झाली की ठेवून देतात. मला ही पुस्तकं थेट शिकवण्यात आणायची आहेत. आठवीला चले जाव चळवळ येतेय. प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं समांतर सरकार, आपल्याच गावांतून चाललं, पण पाठ्यपुस्तकात तो भाग थोडक्यात येतो. वर्गात 52 मुलं, तासिका 40 मिनिटांची. किती पुस्तकं लागतील? आणि प्रकल्प दिला की मुलं पानंच्या पानं उतरवून आणतात, त्यावर काय करता?

कराड_ग्रंथपाल
मॅडम, आधी तुमचं घटक नियोजन ग्रंथपालांच्या हातात द्या, घटक सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी. "प्रतिसरकारावरची पुस्तकं काढून ठेवा" एवढा निरोप पुरत नाही. मुलांनी कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, ते लिहून द्या: न्यायदान मंडळं कशी चालायची? प्रतिसरकाराच्या तुफान सेनेचं काम काय होतं? जून 1943 मध्ये शेणोलीजवळ रेल्वे का अडवली? प्रश्न हातात असला की ग्रंथपाल पुस्तकावर थांबत नाही, पानापर्यंत जातो.

खरी अडचण पानाचीच असते. मराठी पुस्तकांत शेवटी विषयसूची क्वचित असते. 300 पानांच्या चरित्रात हवी ती चार पानं शोधण्यातच मुलांची तासिका संपते. म्हणून एका वहीत आपणच सूची करायची: विषय, दाखल क्रमांक, पृष्ठं. उदा. "न्यायदान मंडळ – दा. क्र. 1142 – पृ. 63 ते 71". त्या पानांत साध्या कागदाची पट्टी घाला, वर प्रश्नाचा क्रमांक. डिंकाची चिठ्ठी नको, जुन्या कागदाला ती धरून बसते आणि काढताना अक्षरं घेऊन येते.

शोधताना नुसत्या चरित्रांवर थांबू नका. गौरवग्रंथ, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंक हे कपाटाच्या तळाशी पडलेले असतात आणि स्थानिक माहिती त्यांतच असते. जुन्या पुस्तकांत "सांगली जिल्हा" म्हणून शोधलं तर प्रतिसरकाराचं केंद्र असलेलं कुंडल सापडणार नाही. तेव्हा हा भाग सातारा जिल्हा आणि औंधसारखी संस्थानं यांत विभागलेला होता, कुंडल औंध संस्थानात होतं. 1949 मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा वेगळे झाले, 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. हे मुलांना आधी सांगा, नाहीतर "आपल्या जिल्ह्यात काही घडलंच नाही" असं लिहून आणतील.

संख्येचं म्हणाल तर 52 मुलांचे चौघाचौघांचे 13 गट. सात गटांना पुस्तकं द्या, सहा गटांना कोरा नकाशा आणि गावांची यादी. पुढच्या तासिकेला अदलाबदल. म्हणजे सात पुस्तकांत भागतं. पाच मिनिटं वाटप, वीस वाचन, पंधरा सांगणं. चौघांपेक्षा मोठा गट केला की दोघंच वाचतात. एखादा उतारा एकाच पुस्तकात असेल तर तेवढ्या पानांच्या झेरॉक्स काढा. वर्गात शिकवण्यासाठी अशी प्रत काढायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे. अख्खं पुस्तक मात्र झेरॉक्स करू नका.

मिरज_विज्ञान
उतरवून आणण्याबद्दल. दोष प्रश्नाचा असतो. "माहिती लिहा" म्हटलं की मूल माहिती उतरवणारच. एका पुस्तकातून उत्तर मिळणार नाही असा प्रश्न द्या.

विज्ञानातलं उदाहरण घ्या. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. त्याची तीव्रता कुठे 6.3 छापलेली सापडते, कुठे 6.5, कुठे त्याहून जास्त. तीन पुस्तकं शेजारी ठेवा आणि विचारा: आकडे वेगळे का? कोणत्या पुस्तकानं आकडा कुठून घेतला ते सांगितलंय? पुस्तक कोणत्या साली छापलंय? मग मापनश्रेणी, उपकरणं, धरणात पाणी साठणं आणि भूकंप यांचा संबंध, सगळं चर्चेत येतं. उतरवायला काही उरतच नाही. लेखनासाठी अर्धं पान पुरे, पण खाली पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि पृष्ठ हवंच. पाचवीपासून फक्त नाव आणि लेखक लिहायची सवय लावली तर आठवीत हे जड जात नाही.

मराठी विश्वकोशाचे खंड शाळेत असतील तर आधी पंधरा मिनिटं वर्णक्रमाचा सराव घ्या. आठवीतल्या मुलांनाही "क्ष" आणि "ज्ञ" कुठे शोधायचे ते माहीत नसतं. आपल्या वाईतून निघालेला हा कोश ऑनलाइन मोफत आहे, पण खंडात शोधताना शेजारच्या नोंदी डोळ्यांखालून जातात, तो फायदा सोडू नका.

सातारा_मुख्याध्यापक
2800 पैकी वापरण्याजोगी किती, ते आधी बघा. ज्या विज्ञान पुस्तकांत प्लूटो नववा ग्रह आहे ती 2006 च्या आधीची, ज्या भूगोलात महाराष्ट्राचे 35 जिल्हे आहेत ती 2014 मध्ये पालघर होण्याआधीची. अशी पुस्तकं संदर्भ म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. जुना इतिहास, चरित्रं, स्मरणिका मात्र काढू नका. निर्लेखन करताना, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कमी करताना, यादी, समितीचा ठराव, मुख्याध्यापकांची सही आणि दाखल नोंदवहीत शेरा, हे सगळं पाहिजे.

पलूस नदीकाठचा तालुका आहे म्हणून सांगतो: दाखल नोंदवही आणि स्मरणिका खालच्या कप्प्यात ठेवू नका. 2005 आणि 2019 चा पूर आठवा. गुळगुळीत कागदाची पुस्तकं भिजून वाळली की पानं एकमेकांना चिकटतात, मग ती सुटत नाहीत.

पलूस_शिक्षिका
अर्धवेळ ग्रंथपालांकडून पृष्ठसूचीचं एवढं काम होईल का?

कराड_ग्रंथपाल
2800 पुस्तकांची सूची करायला बसलात तर होणार नाही. एका सत्रात चार घटक निवडा, दोन इतिहासाचे, दोन विज्ञानाचे. घटकाला सात-आठ पुस्तकं. एक पुस्तक चाळून नोंदी करायला अर्धा तास धरा, म्हणजे एका घटकाला चार तास, तीन आठवड्यांत सहज बसतात. वही पुढच्या वर्षीही तीच चालते, फक्त नवीन पुस्तकांची भर घालायची. घटकाची पुस्तकं एका पेटीत वर्गात ठेवा आणि घटक संपल्यावर ती पेटी लगेच फोडू नका. दोन आठवडे ती वर्गातच राहू द्या आणि देवघेव वर्गातल्याच दोन मुलांकडे द्या. ज्यांचा गट नकाशावर रमला होता, तीच मुलं मग पुस्तक घरी मागतात.