चेंडूवरील हवेचा रोध: समीकरणात चिन्ह कोठे चुकते?

प्रश्न (इंदूर): क्रिकेटच्या चेंडूसाठी रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरून मी आडवे बल −क·अ² आणि उभे बल −म·ग −क·उ² असे लिहिले (अ, उ हे वेगाचे आडवा व उभा घटक, क हा रोधाचा स्थिरांक, म वस्तुमान, ग गुरुत्वत्वरण), पण चेंडू खाली येताना उत्तर विचित्र येते. कृपया चूक दाखवावी.

उत्तर १: उ ऋण झाला तरी उ² धनच राहतो, त्यामुळे तुमच्या सूत्रात पडणाऱ्या चेंडूला हवा खाली ढकलते. रोधाचे परिमाण क·व² आहे आणि दिशा वेगाच्या नेमकी विरुद्ध, म्हणून घटक −क·व·अ आणि −क·व·उ असे येतात, जेथे व = √(अ²+उ²). एकूण वेग ‘व’ दोन्हींत असल्यामुळे ही समीकरणे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती स्वतंत्रपणे सोडवू नयेत.

उत्तर २: रोध किरकोळ समजू नका. रोधगुणांक (वस्तूच्या आकारानुसार ठरणारा अंक, वरचा क नव्हे) ०.५ धरल्यास ३० मीटर प्रतिसेकंद वेगाला तो सुमारे १.१ न्यूटन भरतो, आणि चेंडूचे वजन जेमतेम १.६ न्यूटन. आपले इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण ५ टक्के कमी घ्यावी.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, दादा. दर ०.०१ सेकंदाला वेग आणि स्थान काढत, अशा पायऱ्यांनी गणित पुन्हा मांडले. उतरणीचा मार्ग आता चढणीपेक्षा स्पष्टपणे तीव्र दिसतो.