मदत हवी आहे : पीएमए देऊनही जर्कॅट पेशी फायब्रोनेक्टिनला चिकटेनात

पेट्रीडिश
नमस्कार मंडळी. पेशीच्या आतून आलेला संकेत इंटिग्रिनची (पेशीच्या पडद्यातली, बाहेरच्या गोष्टी धरणारी प्रथिनं) पकड कशी वाढवतो, हे दाखवणारा चिकटण्याचा प्रयोग बसवते आहे. त्यासाठी जर्कॅट (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी टी-पेशी), फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) आणि पीएमए (आतला संकेत चालू करणारं रसायन) वापरते आहे. पण प्लेटच्या वेगवेगळ्या वेलमध्ये (खळग्यांमध्ये) फरकच दिसत नाही.

मांडणी अशी : ९६ वेलची टिश्यू कल्चर प्लेट. फायब्रोनेक्टिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ५० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर १ तास. मग उरलेलं प्लास्टिक झाकायला १% बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ३० मिनिटं. जर्कॅट पेशी आरपीएमआय (वाढीचं माध्यम) + १०% एफबीएसमध्ये (वासराच्या गर्भाचं सीरम), वेलला १ लाख. पीएमए ५० नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा मॅंगनीज क्लोराइड १ मिलीमोलर. ३० मिनिटांनी साध्या पीबीएसने (फॉस्फेटचं खारट द्रावण) तीनदा धुणं, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवणं, ५९५ नॅनोमीटरला रीडिंग (आकडा जास्त म्हणजे चिकटलेल्या पेशी जास्त).

रीडिंग : नुसतं बीएसए ०.३८, उत्तेजक न देता ०.४४, पीएमए ०.४९, मॅंगनीज ०.५१.

शिवाय फ्लोमध्ये (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) ९ईजी७ ही उघडलेलं इंटिग्रिन ओळखणारी अँटिबॉडी लावून पाहिली (हे फॉस्फेट नसलेल्या हेपिस बफरमध्ये). मॅंगनीजने शिखर छान उजवीकडे सरकतं, पीएमएने जागचं हलत नाही. पीएमए मेलं आहे का? नवीन मागवलं तर यायला महिना जाईल, म्हणून आधी विचारते.

बफर_बिफर
पीएमए राहू द्या बाजूला, आधी बीएसएच्या वेलकडे बघा. जिथे पेशींनी चिकटायलाच नको तिथे ०.३८ येतंय. म्हणजे तुमचा सगळा प्रयोग ०.३८ ते ०.५१ एवढ्या पट्टीत कोंबलेला आहे. त्यात संकेत दिसणार कुठून?

सर्वात मोठा संशयित एफबीएस. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन (तसंच चिकटवणारं प्रथिन) दोन्ही असतात. ती बीएसएच्या फटीतून प्लास्टिकवर बसतात, म्हणून कोऱ्या वेलमध्येही पेशी चिकटतात. आणि जे विरघळलेलं राहतं ते इंटिग्रिनच्या जागा अडवतं. प्रयोगात सीरम शून्य हवं. पेशी २५० जी ला (गुरुत्वाच्या २५० पट जोराने) ५ मिनिटं फिरवा, असं दोनदा धुऊन घ्या आणि सीरम नसलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर ३० मिनिटं विसावू द्या. सीरममधले घटकही आतले संकेत चालू ठेवतात, ते जरा निवले पाहिजेत.

दुसरं, टिश्यू कल्चर प्लेटचं प्लास्टिक मुळातच पेशींनी चिकटावं म्हणून प्रक्रिया केलेलं असतं. प्रथिनं धरणारी, पण कल्चरसाठी नसलेली प्लेट घ्या. बीएसए १% करून ८० अंशांवर १० मिनिटं तापवा, गार करून गाळा आणि मग निदान १ तास ठेवा.

तिसरं, आरपीएमआयमध्ये मॅंगनीज घालू नका. त्या माध्यमात फॉस्फेट ५ मिलीमोलरच्या वर असतं, बायकार्बोनेटही असतं. मॅंगनीज दोघांबरोबर साका धरतं. वेल उजेडासमोर धरून पाहा, पुसट गढूळपणा किंवा तपकिरी झाक असेल तर १ मिलीमोलर फक्त वहीत आहे, वेलमध्ये नाही. फ्लोमध्ये हेपिस होतं म्हणून तिथे चाललं.

बफर घरीच करा : हेपिस २० मिलीमोलर, पीएच ७.४, मीठ १४० मिलीमोलर, पोटॅशियम क्लोराइड ५, ग्लुकोज ५, आणि ०.५% बीएसए. त्याचे तीन भाग : एकात कॅल्शियम १ + मॅग्नेशियम १ मिलीमोलर (साधा आणि पीएमए, दोन्ही वेल याच्यातच), दुसऱ्यात फक्त मॅंगनीज १ मिलीमोलर, तिसऱ्यात ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं) ५ मिलीमोलर. ईडीटीएचं रीडिंग बीएसएच्या वेलइतकं खाली आलं नाही, तर जे चिकटलंय ते इंटिग्रिनमुळे नाही.

आणि साध्या पीबीएसने धुणं बंद. इंटिग्रिनची पकड या धातूंच्या आयनांवरच उभी आहे. ते नसलेल्या द्रावणाने तीनदा धुतलं तर चिकटलेल्याही सुटतात. ज्या वेलला जो बफर, त्यानेच धुवा.

आत_बाहेर
बफरचं सगळं मान्य. फ्लोच्या कोड्याबद्दल लिहितो, कारण त्यावरून पीएमए फेकून द्याल.

मॅंगनीज म्हणजे बाहेरून कुलूप फोडणं. आतली किल्ली फिरली की नाही हे त्यातून कळत नाही. ते इंटिग्रिनच्या पेशीबाहेरच्या भागात आयनांच्या जागी बसतं आणि रेणूला ताठ, उघड्या रूपात नेतं. ९ईजी७ नेमकं इंटिग्रिनच्या बीटा-१ साखळीचं तेच रूप ओळखते, त्यामुळे शिखर सरकणारच. या वेलचा उपयोग एवढाच, की जास्तीत जास्त किती चिकटू शकतं ती कमाल मर्यादा कळते.

पीएमएचा रस्ता आतला. ते पेशीतल्या डायॲसिलग्लिसेरॉल या संकेतरेणूची जागा घेऊन पीकेसी हे एन्झाइम चालू करतं. पुढे रॅप१ हे प्रथिन जीटीपी धरून चालू होतं, रायम या प्रथिनाच्या मदतीने टॅलिन हे प्रथिन पडद्यापाशी येतं आणि त्याचं डोकं इंटिग्रिनच्या बीटा साखळीच्या आतल्या शेपटीतल्या पहिल्या एनपीएक्सवाय खुणेला (अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम) धरतं. त्याच शेपटीवर पुढची खूण किंडलिन हे दुसरं प्रथिन धरतं. दोघांपैकी एकट्याने काम अर्धवटच होतं. एलएडी-३ या आजारात किंडलिन-३ बिघडलेलं असतं : पेशींवर इंटिग्रिन हजर, पण आतून हुकूम पोचत नाही, म्हणून रुग्णाला रक्तस्रावही होतो आणि जंतुसंसर्गही.

आता मुद्दा. टी-पेशींमध्ये पीएमए चिकटणं भरपूर वाढवतं, पण विरघळलेलं फायब्रोनेक्टिन धरण्याची एकेका रेणूची ओढ मोजण्याइतकी वाढवत नाही. वाढ येते ती इंटिग्रिन एकत्र गोळा होण्यातून, पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडणी होण्यातून आणि पेशी पृष्ठभागावर पसरण्यातून. तेव्हा ९ईजी७ हलली नाही म्हणून पीएमए मेलं असं ठरत नाही. फ्लो एक गोष्ट मोजतं, प्लेट दुसरी.

पीएमए खरंच जिवंत आहे का ते पाहायचं असेल तर १० मिनिटं देऊन फॉस्फो-अर्कचा (पीकेसीच्या पुढे चालू होणारं प्रथिन) ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) करा. महिना थांबण्यापेक्षा बरं.

पेट्रीडिश
दोघांचेही आभार. वेल उजेडात धरली, मॅंगनीजच्या रांगेत गढूळपणा आहेच. आणखी दोन प्रश्न : आरजीडी पेप्टाइडने (फायब्रोनेक्टिनमधल्या चिकटण्याच्या क्रमाची नक्कल) चिकटणं अर्धवटच थांबतं, ते का? आणि वाढ पीकेसीमुळेच आहे हे कसं दाखवू?

आत_बाहेर
जर्कॅटवर फायब्रोनेक्टिन धरणारी दोन इंटिग्रिनं आहेत. अल्फा-५ बीटा-१ आरजीडी धरतं. अल्फा-४ बीटा-१ मात्र फायब्रोनेक्टिनच्या सीएस-१ भागातल्या एलडीव्ही क्रमाला धरतं, त्याला आरजीडीचं सोयरसुतक नाही. दोन्ही अडवायची तर अल्फा-४ साठी एचपी२/१ आणि अल्फा-५ साठी पी१डी६ या अडवणाऱ्या अँटिबॉडी, प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, पेशींना २० मिनिटं आधी. फक्त अल्फा-५ बघायचं असेल तर फायब्रोनेक्टिनचा १२० किलोडाल्टनचा तुकडा लावा, त्यात सीएस-१ नसतो.

पीकेसी अडवण्यासाठी बिसइंडोलिलमॅलिमाइड-१ हा अवरोधक, १ ते ५ मायक्रोमोलर, ३० मिनिटं आधी. सोबत निष्क्रिय ४-अल्फा-पीएमए त्याच मात्रेत. अडवणं पूर्ण झालं नाही तर घाबरू नका : सी१ डोमेन (पीएमए जिथे बसतं तो भाग) असलेली इतर प्रथिनंही, उदाहरणार्थ रासजीआरपी१, पीएमए धरतात. मॅंगनीजच्या वेलमध्येही हाच अवरोधक घाला. तिथलंही चिकटणं कोसळलं, तर तुम्ही संकेत नाही, पेशी मारताय.

सायटोकॅलासिन-डी (सांगाडा मोडणारं औषध) वापरणार असाल तर मात्रांची मालिका लावा. जास्त मात्रेत चिकटणं पडतं, पण अगदी कमी मात्रेत इंटिग्रिन सांगाड्यापासून सुटं होऊन पडद्यात मोकळं फिरतं आणि चिकटणं उलट वाढू शकतं. एकाच मात्रेवरून निष्कर्ष नको.

उलटी_प्लेट
क्रिस्टल व्हायोलेट सोडा. जर्कॅट हलक्या हाताने धरतात, पिपेटच्या धारेने निघून जातात आणि रंगवताना उरलेल्या जातात. आधी पेशींना कॅल्सिन-एएम (जिवंत पेशी चमकवणारा रंग) २ मायक्रोमोलर, ३० मिनिटं, मग धुवा. पेशी ५० मायक्रोलिटरमध्ये १ लाख, त्यावर दुप्पट तीव्रतेचं औषध ५० मायक्रोलिटर. १० मिनिटं बर्फावर तळाशी बसू द्या, मग ३७ अंशांवर ३० मिनिटं. वेल बफरने काठोकाठ भरा, सील लावा, प्लेट उलटी करून ५० जी ला ५ मिनिटं फिरवा. हाताने धुण्यापेक्षा हे सगळ्या वेलना सारखं पडतं. काही वेल न धुता ठेवून १०० टक्के तेच धरा.

पेट्रीडिश
दुप्पट तीव्रतेचं पीएमए आदल्या दिवशी करून ठेवलं तर चालेल? की पेशींनाच रात्रभर पीएमए देऊ?

बफर_बिफर
दोन्ही नको. पाण्यातलं पीएमए ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटतं, सकाळी किती उरलं कोण सांगणार. १ मिलीग्रॅम प्रति मिलीचा डीएमएसओ या विद्रावकातला साठा उणे २० ला, अंधारात. वापरताना डीएमएसओतच १० पट पातळ करा, त्यातून बफरमध्ये १००० पट, म्हणजे १०० नॅनोग्रॅम प्रति मिली झालं. वेलमध्ये निम्मं होऊन ५०, आणि डीएमएसओ ०.०५%. कोऱ्या वेललाही तेवढंच डीएमएसओ द्या.

पेशींना रात्रभर दिलं तर पीकेसीच तुटून कमी होतं. १५ ते ३० मिनिटं पुरे.