रिमवरच्या खाचा आणि ‘संबंध बिघडतात’ हा युक्तिवाद

पांढरकवडेकर:
काल ‘कास्तकार’ यांनी लिहिले की, गावच्या मिस्त्र्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाणारा माणूस गावाचा राहत नाही आणि चाकावरच्या दोन ओरखड्यांसाठी कुणाच्या पोटावर पाय देऊ नये. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या महिन्यात मी तालुक्याच्या गावी चारही टायर बदलून घेतले. गाडीला अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाके आहेत. दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी धुताना चारही रिमच्या बाहेरच्या कडेवर नख अडकेल एवढ्या खोल खाचा दिसल्या आणि त्यांतला ताजा धातू उन्हात चमकत होता. आठवड्याभरात डावीकडच्या दोन चाकांची हवा उतरू लागली. साबणाचे पाणी लावून पाहिले, तर बुडबुडे नेमके त्या खाचांपाशी येत होते. दुकानात गेलो तेव्हा मालक चाकाकडे न पाहताच म्हणाला, “साहेब, हे खड्ड्यानं झालं असन.”

आपल्याकडचे खड्डे मलाही ठाऊक आहेत. खड्ड्यात आदळलेल्या रिमची कड वाकते, बहुधा आतल्या बाजूची, आणि टायरच्या अंगाला फुगा येतो. चारही चाकांना एकाच जागी, एकाच मापाची खाच खड्डा पाडत नाही. लोखंडी टॉमी घालून टायर ओढला की ती पडते. तरीही माझे दुःख खाचांचे नाही. त्याने तेव्हाच मला बोलावून “हातून चुकलं” असे म्हटले असते, तर मी निम्मे नुकसान स्वतः सोसले असते.

कास्तकार:
मी लिहिले ते विचार करूनच लिहिले होते. तीन वर्षांपूर्वी कापसाने भरलेला पिकअप रात्री एक वाजता फाट्यावर बसला. सोबत आजारी वडील होते. फोन केल्यावर मिस्त्री घरून जॅक घेऊन आला आणि त्याने पैशाचे नावही काढले नाही. ते पैसे मी कापूस विकल्यावर, दोन महिन्यांनी दिले. तुमचा पगार एक तारखेला होतो. आमचे वर्ष उधारीवर चालते आणि ती उधारी हेच मिस्त्री पोसतात. त्यांना आयोगात उभे केले, तर उद्या फाट्यावर कोण येईल?

टायरवाला, वरोरा:
मी 16 वर्षांपासून हेच काम करतो, म्हणून दोघांनाही सांगतो. कास्तकारभाऊ, उधारी आम्ही पोसतो हे खरे, पण ती आनंदाने पोसतो असे समजू नका. माझ्या वहीत तीन हंगामांपूर्वीची नावे अजून तशीच आहेत. आमच्याकडे येणारी बहुतेक चाके लोखंडी असतात. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, पण अलॉय ठोकली की तडकते, आणि तापवून सरळ केली तर धातूची ताकद जाते. टायर चढवायच्या यंत्राचे जबडे पोलादी असतात आणि अलॉयसाठी त्यांच्यावर प्लास्टिकचे आवरण लावावे लागते. ते झिजले की लगेच बदलले पाहिजे, पण गिऱ्हाईक दारात उभे राहून घाई करत असते आणि ते काम उद्यावर जाते. या साहेबांच्या चाकांचे बहुधा असेच झाले असावे. मात्र ते खड्ड्यावर ढकलायला नको होते.

शिक्षिका, घाटंजी:
उधारीचा विषय निघालाच आहे तर मी रोख देणाऱ्यांची बाजू मांडते. मी प्रत्येक वेळी रोख पैसे देते आणि तरीही मला ऐकावे लागते, “घरी कोनी मानूस नाई का, म्याडम?” गेल्या उन्हाळ्यात शाळेतून परतताना चाक पंक्चर झाले. स्टेपनी लावायची म्हणून पाना घातला, तर एकही नट हलेना. आदल्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये ते हवेच्या गनने आवळले होते. बहुतेक छोट्या गाड्यांचे नट सुमारे 100 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात आणि शेवटचा ताण मोजणाऱ्या पान्याने द्यायचा असतो, हे मला नंतर कळले. मे महिन्याच्या दुपारी मी दोन तास रस्त्यावर उभी होते. शेवटी एका ट्रकचालकाने पान्याला पाइप लावून जोर दिला, तेव्हा नट ज्यावर बसतो तो एक स्टडच तुटला. कास्तकारभाऊ, हाही संबंधांचाच भाग समजायचा का?

कास्तकार:
बाई, तुमच्याशी तसे बोलणाऱ्याची मी बाजू घेत नाही. पण वरोऱ्याच्या भाऊंनी उधारीबद्दल जे लिहिले, ते मला लागले. उधारी म्हणजे भीक नव्हे. कापसात 12 टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावरून गाडी परत येते आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी मागेल त्या भावाने तो माल द्यावा लागतो. त्या दिवशी मिस्त्र्याचे पैसे राहतात ते आमची नियत खोटी म्हणून राहत नाहीत.

टायरवाला, वरोरा:
तुमची नियत खोटी आहे, असे मी म्हटलेले नाही. पण टायरची कंपनी मला उधार देत नाही आणि दुकानाचे भाडे कापसाची वाट पाहत नाही. तुमची गाडी केंद्रावरून परतली म्हणून माझ्या पोरांची फी थांबते, हेही कधी कुणी लिहावे!

वकील, यवतमाळ:
उधारीवरून कायद्याचा एक गैरसमज पसरू नये म्हणून लिहितो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला दिलेला असो किंवा देण्याचे वचन असो, सेवा घेणारा ग्राहकच ठरतो. म्हणजे उधारीवर काम करून घेणाऱ्यालाही तक्रारीचा हक्क आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुरुस्तीला दिलेली गाडी हा 1872 च्या करार कायद्याप्रमाणे निक्षेप, म्हणजे परत करण्याच्या बोलीवर सोपवलेली वस्तू असते, म्हणून दुकानदाराने ती स्वतःच्या वस्तूइतकी जपणे अपेक्षित आहे. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी लावून हलगर्जीपणा झाकता येत नाही.

कास्तकार:
कलमे वाचून गाव चालत नाही, वकीलसाहेब! आयोग यवतमाळला आणि इथून यवतमाळ सुमारे 70 किलोमीटर आहे. दोन तारखांना गेलो की वावरातली दोन दिवसांची कामे बुडतात. ही लढाई फक्त नोकरदारांना परवडते आणि तुम्ही सगळे मिळून एका गरीब दुकानदाराच्या मागे लागला आहात, हे मला अजिबात पटत नाही.

शिक्षिका, घाटंजी:
गरीब म्हणून त्याने खोटे बोलायचे का? तुमच्याच कापसाचे उदाहरण घेते. केंद्रावर ओलावा तुमच्या डोळ्यांसमोर यंत्राने मोजतात आणि आकडा तुम्ही स्वतः वाचता. उद्या कुणी कापूस आत नेऊन, न दाखवताच “ओला आहे” म्हणाला, तर तुम्ही गप्प बसाल का? मग चाक काढण्याआधी आणि बसवल्यानंतर मालकाला दाखवावे, एवढे मागितले तर गावाचा कोणता संबंध तुटतो?

टायरवाला, वरोरा:
बाईंचे बरोबर आहे. मी उद्यापासून अलॉयच्या गाडीचा चारही चाकांचा फोटो गिऱ्हाइकासमोर काढीन. त्यात माझाही बचाव आहे, कारण आधीच्या खाचा माझ्या नावावर घालणारेही काही कमी नाहीत.

कास्तकार:
कापसाचे म्हणणे मला नाकारता येत नाही. दाखवून काम करावे, एवढे मान्य. त्याने खड्ड्यावर ढकलले तेही चूकच. पण पांढरकवडेकर, आधी त्याच्याशी चार माणसांत बसून बोला. आयोगाचे मला अजूनही मान्य नाही.

पांढरकवडेकर:
बोलायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मालक दुसऱ्या गाडीखाली शिरला. तरीही तुमचा मान ठेवून तिसऱ्यांदा जातो. सोबत तुम्ही आलात तर बरे होईल. हवा उतरणाऱ्या दोन रिमचेच पैसे मागणार आहे, उरलेल्या दोन तशाच वापरीन. खाचांचे फोटो, बिल आणि 15 दिवसांची मुदत लिहिलेले पत्र तयार आहे. रविवारी बोलणे झाले नाही, तर सोमवारी ते स्पीड पोस्टाने जाईल.

कास्तकार:
रविवारी सकाळी येतो. पत्र खिशातच ठेवा.