मदत हवी आहे: 'द वेलिंग'च्या शेवटाचा अर्थ कसा लावायचा?

ना होंग-जिन यांचा २०१६ सालचा हा कोरियन भयपट ज्यांनी पाहिलाय त्यांनाच विचारतेय. बाकीच्यांनी इथेच थांबा, पुढे शेवट फोडला आहे.

पांढऱ्या कपड्यांतली बाई नायकाला, पोलीस जोंग-गूला बजावते, कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात जाऊ नकोस. पण तिथे त्याला आपल्या मुलीची केसांची पिन दिसते, त्याचा विश्वास उडतो आणि तो आधीच आत शिरतो. ती बाई रक्षणकर्तीच होती, हे मला पटतं.

अडतं ते झपाटलेल्या मुलीला बरं करायला बोलावलेल्या मांत्रिकापाशी. शेवटी त्याच्या पेटीतून मेलेल्यांचे फोटो सांडतात, म्हणजे तो आणि गावाला ज्याचा संशय असतो तो जपानी म्हातारा एकाच बाजूचे. मग मधल्या त्या भयंकर विधीचं काय? हा इकडे खिळे ठोकतो, तिकडे म्हातारा तडफडतो आणि घरात मुलगीही किंचाळत असते. वार नक्की कोणावर चालला होता? मला वाटतं मुलीवरच, आणि म्हाताऱ्याला त्या बाईने जखडलं होतं. दृश्यांची जोडणी मुद्दाम फसवी केली आहे, की माझ्या नजरेतून काही निसटतंय?

गुहेतला प्रसंग तर डोक्यातून जातच नाही. म्हाताऱ्याच्या तळहातांवर ख्रिस्तासारखे व्रण, तोंडी लूकच्या शुभवर्तमानातली तीच वचनं, जी सिनेमाच्या सुरुवातीला येतात. तो मुळातच सैतान होता, की समोरच्या तरुणाच्या संशयानेच त्याला ते रूप दिलं?

कोरियातल्या मांत्रिकांच्या विधींची माहिती असणाऱ्या कुणी तो खिळ्यांचा विधी उलगडून सांगितला तर फार बरं होईल.