मदत हवी आहे: बॅसिडिओबोलस (एक बुरशी), सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेलाय

मोठ्या आतड्याची गाठ कॅन्सर समजून काढली. स्लाइडवर रुंद, पातळ भिंतीचे, क्वचितच पडदे असलेले तंतू, प्रत्येकाभोवती गुलाबी दाणेदार कड आणि आजूबाजूला इओसिनोफिल्सचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) खच. रक्तातही इओसिनोफिल्स वाढलेले. चित्र बॅसिडिओबोलसचंच वाटतं. म्यूकरमध्ये (दुसरी एक बुरशी) तंतू सहसा रक्तवाहिन्यांत घुसतात, इथे तसं नाही.

पण कल्चरसाठी (बुरशी वाढवून ओळखण्यासाठी) ताजा तुकडा ठेवलाच नाही. (ठेवला तरी फ्रिजमध्ये जातो आणि ही बुरशी थंडीत मरते.) पॅराफिन ब्लॉकवरून (मेणात बसवलेला नमुना) पीसीआर (डीएनए तपासणी) कोणी केलाय का? फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडतात, तेव्हा बुरशी ओळखण्यासाठी डीएनएमधल्या आयटीएसचा छोटा भाग घ्यावा की २८एसचा? ब्लॉकमधून किती काप घेता?

दुसरं, बुरशीविरोधी इट्राकोनाझोल २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू आहे, पण कॅप्सूल, आणि सोबत आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल! आम्ल नसेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी द्रावण द्यावं की सरळ व्होरिकोनाझोलवर (दुसरं बुरशीविरोधी औषध) जावं? रक्तपातळी दोन आठवड्यांनी बघणार आहोतच. क्रोन (आतड्याचा दाहाचा आजार) समजून कोणी स्टेरॉइड सुचवू नये, प्लीज.